गावाचे नाव आणि गावाची पेठ

मंडळी, आपण परगावी गेलो की लोक पहिले काय विचारतात? "कोणत्या गावचे, पाव्हणं?" असे विचारतात. आपण गावाचे नाव सांगतो. मग समोरचा माणूस म्हणतो, "हां, तिथला बाजार मोठा." नाहीतर म्हणतो, "तिथं भांडणं लई." म्हणजे आपण पोचायच्या आधीच आपल्या गावाचे नाव तिथे पोचलेले असते.

गावाचे नाव ही नुसती मिरवायची गोष्ट नाही. सोयरीक जुळवताना पाहुणे मुलगा पाहतात, तसे गावही पाहतात. पाणी कुठून आणावे लागते, रस्ता कसा आहे, शाळा कशी आहे, हे विचारतात. बदलीवर येणारे गुरुजी गावात राहायचे की तालुक्याहून ये-जा करायची, हे गाव पाहूनच ठरवतात. नवे दुकान टाकणाराही आधी गाव पाहतो. म्हणून नाव चांगले असले तर त्याचा लाभ घरोघर होतो. नाव गेले तर तोटाही घरोघर होतो.

या पाठात आपण गावाचे नाव कशाने बनते ते पाहू. जुनी पेठ ओस का पडते ते पाहू. आणि ती सुधारायची तर कोणाच्या हातात काय आहे, तेही पाहू.

पारावरची चर्चा

बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यात दिंद्रुड हे गाव आहे. अशा गावात पारावर पेठेची गोष्ट निघाली, तर बोलणे कसे होईल? आपण ते मनात आणून पाहू. ही माणसे कल्पनेतली आहेत. पण त्यांचे बोलणे तुमच्या ओळखीचे वाटेल.

पेठेतले किराणा दुकानदार म्हणाले, "गावाला शोभा राहिली नाही. रस्त्यावर एक मोठी कमान बांधा. त्यावर गावाचं नाव रंगवा. येणाऱ्या-जाणाऱ्याला कळू द्या, की इथं गाव आहे."

एक तरुण म्हणाला, "काका, कमान बघून कोण गाडी थांबवतंय? लोक फाट्यावर उतरतात. तिथंच चहा पितात, तिथंच सामान घेतात अन् जातात. दुकानं फाट्यावर गेली, ते बरंच झालं. जिथं गिऱ्हाईक तिथं दुकान."

आबा म्हणाले, "असं कसं म्हणतोस? पेठ म्हणजे गावाचं काळीज. आमच्या वेळेला बाजाराच्या दिवशी पेठेत पाय ठेवायला जागा नसायची. म्हाताऱ्या माणसानं मीठ-मिरचीसाठी फाट्यापर्यंत चालत जायचं का?"

माळवं विकणाऱ्या मावशी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "कमानीखाली काय मी दुकान मांडू? मी गटारीच्या कडेला पोतं टाकून बसते. पाऊस आला की माळवं भिजतं. प्यायला पाणी नाही. बाईमाणसाला आडोसा नाही. मला बसायला एक ओटा द्या. मग बघा बाजार कसा भरतो ते."

गुरुजी म्हणाले, "मावशी बरोबर बोलल्या. पण काका, गटार तुंबते कशानं? तुमच्या दुकानाची पायरी गटारीवर आली आहे. कचरा काढायला माणूस हात कुठून घालणार?"

काका म्हणाले, "माझी एकट्याचीच आहे का? सगळ्यांच्याच आल्यात."

आणि चर्चा तिथेच थांबली.

मंडळी, चर्चा तिथे का थांबली, ते नीट पाहा. दुसऱ्याचे चुकते तोवर सगळे बोलत होते. आपल्या दारची पायरी निघाली, तेव्हा बोलणे बंद झाले. पुष्कळ गावांत असेच होते. आणि खरे काम तर तिथूनच पुढे सुरू होते.

पेठ ओस का पडते?

जुनी पेठ बैलगाडीच्या काळात वसली. वेस, चावडी, देऊळ आणि पार यांच्या आसपास वाणी, शिंपी, सोनार, कासार यांची दुकाने असत. रस्ता एका गाडीपुरता. तेव्हा तेवढा पुरत होता.

पेठ मागे पडली, त्याची चार कारणे आपण पाहू.

पहिले कारण रस्ता. माल मालमोटारीने येऊ लागला. मालमोटार अरुंद गल्लीत शिरत नाही. ती मोठ्या रस्त्यावर थांबते. माणसेही एस.टी.तून आणि जीपमधून तिथेच उतरतात. मग दुकानेही हळूहळू तिकडे सरकतात.

दुसरे कारण तालुक्याचा बाजार. शेतकरी सोयाबीन किंवा कापूस घेऊन तालुक्याला जातो. हातात पैसा तिथे पडतो. मग कापड आणि भांडीही तो तिथेच घेतो. घरी येतो तेव्हा खिशात थोडेच उरलेले असते.

तिसरे कारण ऊसतोड. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल घ्यायची, आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला बिऱ्हाड बांधून निघायचे. कारखान्याचा पट्टा पडला की उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचे. इतके महिने घराला कुलूप असते. ज्या गल्लीत घरोघर कुलूप, त्या गल्लीतल्या दुकानात गिऱ्हाईक कुठून येणार?

चौथे कारण आपल्याच गल्लीतले आहे. तुंबलेली गटार, पुढे आलेल्या पायऱ्या, बंद पडलेला दिवा, बाजारात पाण्याची आणि आडोशाची गैरसोय.

आता विचार करा. मोठा रस्ता आपण उचलून पेठेत आणू शकत नाही. तालुक्याचा बाजार बंद करू शकत नाही. ऊसतोडीला जाणे एका वर्षात थांबवू शकत नाही. पण चौथे कारण पुरते आपल्या हातातले आहे. म्हणून कामाला हात तिथे घालावा.

फाट्यावरची सगळी दुकाने पेठेत परत येतील, असे कोणी समजू नये. तरुणाचे म्हणणे खोटे नाही. पण आबांचेही खोटे नाही. ज्यांच्यापाशी गाडी नाही, ज्यांचे पाय थकले आहेत, ज्यांना लेकरू कडेवर घेऊन बाजार करावा लागतो, त्यांच्यासाठी पेठ जिवंत राहिली पाहिजे. रोजचा किराणा, शिवणकाम, दुरुस्ती, दळण आणि आठवडी बाजार एवढे नीट चालले, तरी पेठेत जीव राहतो.

कोणते काम कोणाचे?

तक्रार चुकीच्या दारात नेली, तर हेलपाटे पडतात. म्हणून कोणते काम कोणाचे, ते ओळखावे.

गावातले रस्ते, गटारी, झाडलोट, पिण्याचे पाणी, गल्लीतले दिवे आणि गावचा बाजार ही कामे ग्रामपंचायतीची. सार्वजनिक रस्त्यावरचे अतिक्रमण काढण्याचा अधिकारही ग्रामपंचायतीला आहे. विजेच्या तारा आणि पुरवठा महावितरणकडे. एस.टी. गाड्या महामंडळाकडे. मोठे रस्ते सहसा बांधकाम खात्याकडे किंवा जिल्हा परिषदेकडे असतात.

ग्रामपंचायतीचा कायदा १९५८ सालचा आहे. जिल्हा परिषद आणि पंचायत समिती यांचा कायदा १९६१ सालचा. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. पुढे १९९३ साली ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली. गावच्या पंचायतीला देशाच्या घटनेत जागा मिळाली. बायकांसाठी राखीव जागा आल्या. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत.

तेव्हा गावाचा कारभार ही कोणा पाटलाची किंवा देशमुखाची मिरास नाही. मत देणाऱ्या प्रत्येकाचा त्यात वाटा आहे. पण वाटा नुसता असून भागत नाही. तो उठून मागावा लागतो.

पैसा कुठून येतो?

पैसा दोन वाटांनी येतो. एक वाट सरकारची. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी पंचायतींना निधी दिला, तेव्हा एक अट घातली. शंभरातले ६० रुपये पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचे. बाकीचे ४० रुपये गावाने आपल्या गरजेप्रमाणे वापरायचे. म्हणजे गटारीसाठी आणि पाण्यासाठी पैसा येतच नाही, असे म्हणता येत नाही. तो किती आला, हे विचारावे लागते.

दुसरी वाट आपली. घरपट्टी, पाणीपट्टी आणि बाजारातली फी. इथे एक हिशोब करून पाहू. समजा, एका गावात १,००० घरे आहेत. दर घराला वर्षाची पट्टी ६०० रुपये. सगळ्यांनी भरली तर ६,००,००० रुपये जमतील. पण ४०० घरांनीच भरली, तर २,४०,००० रुपयेच जमतील. म्हणजे ३,६०,००० रुपये आले नाहीत. बाजारातले ओटे आणि पाण्याची टाकी या न आलेल्या पैशातच अडकून पडते.

आपण म्हणतो, "काम झालं नाही, पट्टी कशाला भरू?" पंचायत म्हणते, "पट्टी आली नाही, काम कशानं करू?" ही गाठ कोणीतरी एका बाजूने सोडवावी लागते. छत्रपती संभाजीनगर शहराजवळ पाटोदा नावाचे गाव आहे. हा आपल्या बीड जिल्ह्यातला पाटोदा तालुका नव्हे. त्या गावात भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना पंचायतीने एक युक्ती केली. जो पट्टी पुरी भरील, त्याला पंचायतीच्या गिरणीत दळण फुकट. पट्टी भरल्याचा लाभ बायांना रोजच्या पिठात दिसला. मग घरातूनच मागणी आली, की आधी पट्टी भरून या. पट्टी जमली, आणि गावात सोयी झाल्या. आज लांबलांबचे लोक ते गाव पाहायला जातात.

नाव गेलेले गाव

गेलेले नाव परत येते का? येते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारची गोष्ट घ्या. या जिल्ह्याला पूर्वी अहमदनगर म्हणत. हिवरे बाजारला पाऊस कमी. एके काळी तिथे पाणी नव्हते, दारू होती, भांडणे होती. पुष्कळ घरे पोटासाठी बाहेर गेली होती. गावाचे नाव इतके वाईट, की सरकारी नोकराला तिथली बदली म्हणजे शिक्षा वाटे.

१९८९ साली गावाने पोपटराव पवार या शिकलेल्या तरुणाला सरपंच केले. गावाने ग्रामसभेत नियम केले. दारू बंद. झाड तोडणे बंद. मोकाट चराई बंद. शेतीसाठी बोअर घेणे बंद. लोकांनी श्रमदान केले. बांध घातले, चर खणले, झाडे लावली. दरवर्षी पाण्याचा हिशोब ग्रामसभेत मांडायचा, आणि पाणी पाहून पिके ठरवायची, असा रिवाज पडला. विहिरींना पाणी आले. बाहेर गेलेली कुटुंबे परत आली. २०२० साली पोपटरावांना पद्मश्री मिळाली.

हे नियम सोपे नव्हते. ज्याची शेळी चरत होती, त्याला चराईबंदी जड गेली असणार. ज्याला बोअर घ्यायचे होते, त्यालाही जड गेले असणार. म्हणजे प्रत्येकाने आपल्या दारची एकेक पायरी मागे घेतली. पारावरची आपली चर्चा जिथे थांबली होती, तिथून हे गाव पुढे गेले.

गाडगे महाराज गावात आले की आधी खराटा हातात घेत. दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत. त्यांच्या नावाने महाराष्ट्रात २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. पुष्कळ गावांनी त्यात बक्षिसे मिळवली. काही गावांनी बक्षिसानंतरही खराटा ठेवला नाही. त्यांचे नाव राहिले. काहींनी बक्षीस भिंतीला टांगले आणि खराटा कोपऱ्यात ठेवला. त्यांच्या गटारी पुन्हा तुंबल्या.

ग्रामसभा म्हणजे काय?

गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे, तो ग्रामसभेचा सभासद. त्यासाठी वेगळी वर्गणी नाही, चिठ्ठी नाही. वर्षाला निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे त्यांचे नेहमीचे दिवस. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यावी लागते. तिथे बाया मोकळेपणी बोलू शकतात. त्यांचे म्हणणे मग ग्रामसभेपुढे येते.

सभेला मतदारांपैकी शंभरात १५ माणसे, किंवा १०० माणसे, यांत जो आकडा लहान तेवढी माणसे हजर लागतात. समजा, गावात ३,००० मतदार आहेत. शंभरात १५ म्हणजे ४५० होतात. पण १०० हा आकडा लहान. म्हणून १०० माणसे पुरतात. आकडा भरला नाही तर सभा तहकूब होते. तहकूब झालेल्या सभेला ही अट नसते. मग दहा-वीस माणसे सगळ्या गावाचे ठरवून मोकळी होतात. आपण घरी बसलो, तर आपल्या नावाने दुसराच ठरवतो.

आता सभेच्या तारखा पुन्हा पाहा. २६ जानेवारीला ऊसतोडीची माणसे कुठे असतात? फडात. त्यांच्या घराला कुलूप असते. पुढच्या वर्षी कोणत्या गल्लीत गटार व्हावी, हे त्या दिवशी ठरले, तर त्यांची गल्ली कोण सांगणार? म्हणून जाणाऱ्यांनी २ ऑक्टोबरची सभा चुकवू नये. निघण्याआधी आपले म्हणणे लिहून द्यावे. गावात राहणाऱ्यांनीही त्यांची आठवण ठेवावी. जो गावात नाही, त्याचेही गाव आहे.

सभेत काय करायचे?

१. सभेच्या आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी बसून एकच मागणी ठरवावी. दहा मागण्या केल्या, तर एकही धड होत नाही. पेठेसाठी मागायचे तर, "बाजारात ओटे, पाणी आणि बायांसाठी मुतारी", एवढेच मागावे.

२. मागणी कागदावर लिहावी. खाली सह्या कराव्यात. आता तुम्ही अंगठा लावू नका. तुम्हाला सही येते.

३. कागद ग्रामसेवकांकडे द्यावा. त्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. कागद दिल्याची पोच मागून घ्यावी.

४. सभेत उभे राहून बोलावे. मागणी मान्य झाली, तर ठराव लिहिला का, ते पाहावे. ठराव वाचून दाखवा, असे म्हणावे. जे वहीत लिहिले नाही, ते पुढे कोणी मानत नाही.

५. पुढच्या सभेत विचारावे, "मागच्या ठरावाचं काय झालं? किती पैसे आले, किती खर्च झाले?" हिशोब मिळाला नाही, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने अर्ज करता येतो. अर्जाला १० रुपये फी असते. माहिती साधारण ३० दिवसांत द्यावी लागते.

६. हे सगळे करताना आपल्या दारची पायरी आधी मागे घ्यावी. मग दुसऱ्याला सांगायला तोंड राहते.

कमानीचे काय?

कमान वाईट नाही. पण कमान गावाच्या तोंडावर असते, आणि पाहुणा गावाच्या पोटात येतो. आत आल्यावर गटार ओलांडून जावे लागले, तर त्याला कमानीवरचे नाव आठवत नाही. त्याला गटार आठवते. बाजारात मावशी सावलीत बसल्या आहेत, पाणी आहे, रस्ता मोकळा आहे, असे दिसले, तर तो न सांगताच चार ठिकाणी सांगतो. पेठेचे काम आधी होऊ द्या. मग गावाला वाटले, तर कमानही होईल.

गाव करी ते राव न करी, असे आपले वाडवडील म्हणत आले. त्याचा अर्थ एवढाच, की गावाने मनावर घेतले, तर काम होते. मनावर घेतल्याची खूण म्हणजे ग्रामसभेत भरलेली जागा. पुढच्या सभेला त्या जागेत तुम्ही बसा. शेजारणीलाही बरोबर न्या.

शब्दांचे अर्थ

ठराव – सभेने ठरवून वहीत लिहिलेली गोष्ट.
तहकूब – पुढे ढकललेली.
अतिक्रमण – सगळ्यांच्या जागेवर एकट्याने केलेला कब्जा.
पोच – कागद मिळाल्याची सही-शिक्क्याची खूण.
मिरास – वाडवडिलांपासून चालत आलेला हक्क.

विचार करा आणि उत्तरे लिहा

१. पेठ ओस पडण्याची चार कारणे कोणती? त्यांतले कोणते आपल्या हातात आहे?
२. गावात ४०० मतदार असतील, तर ग्रामसभेला किती माणसे हजर लागतील? हिशोब करा.
३. पाटोद्याच्या पंचायतीने पट्टी जमवण्यासाठी काय केले?
४. दुकाने फाट्यावर असावीत की पेठेत? तुमचे मत दोन ओळींत लिहा. शेजाऱ्याचे मत वेगळे असेल, तर तेही लिहा.
५. तुमच्या गावच्या ग्रामसभेपुढे ठेवण्यासाठी एक मागणी लिहा. खाली सही करा.